'क'च्या जागी 'त': आठ सेशन झाली, सुटा 'क'सुद्धा निघत नाही

नवी_एसएलपी_सिंहगडरोड

नमस्कार. बीएएसएलपी (वाचा आणि श्रवण उपचारांची पदवी) आणि इंटर्नशिप संपली, आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणीही झाली. सध्या एका खासगी क्लिनिकमध्ये काम करते. सुपरवायझर आठवड्यातून एकदाच येतात, म्हणून इथे विचारते.

मुलगा ४ वर्षे ८ महिन्यांचा. घरी मराठी, बालवाडी इंग्रजी माध्यमाची. 'क'चा 'त', 'ग'चा 'द', 'ख'चा 'थ', 'घ'चा 'ध', तोही शब्दात कुठेही. काका म्हणजे 'ताता', गाडी म्हणजे 'दाडी', नाक म्हणजे 'नात', घोडा म्हणजे 'धोडा'. 'र'चा 'ल' करतो, पण ते सध्या बाजूला ठेवलंय. प, ब, म, न, ट, ड, ल स्वच्छ आहेत. समज वयानुसार, वाक्यं चार-पाच शब्दांची. टाळू, दात, जिभेची हालचाल यांत काही सापडलं नाही.

आठवड्यातून दोनदा ४० मिनिटं. पहिली दहा मिनिटं फुंकर, शिट्टी, जिभेचे व्यायाम. मग आरसा घेऊन "म्हण क". मग फ्लॅशकार्डं: कमळ, कबूतर, किल्ली, केळं, कुत्रा. शेवटी वहीत घरचा अभ्यास. आठ सेशननंतरही उत्तर एकच, 'त'.

सुटा 'क' काढायचा कसा? मराठी शब्द कोणत्या क्रमाने घ्यायचे? आणि पालक विचारतात की जिभेखालची शीर कापून घ्यायची का. आजींनी वेखंड उगाळून चाटवून झालंय.

---

कानसेन_ऑडिओ

तुमच्या पोस्टमध्ये टाळू आहे, दात आहेत, जीभ आहे. कान कुठेच नाहीत.

या वयाला प्ले ऑडिओमेट्री सहज होते. आवाज आला की खुंटी पाटीत खोचायची, एवढं मुलाला कळलं की झालं. सोबत टिम्पॅनोमेट्री (कानाच्या पडद्याची हालचाल मोजणारी चाचणी) हवीच. या वयात सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचणं नेहमीचं आहे, ते दुखत नाही, आणि आलेख टाइप बी, म्हणजे सपाट, आला तरी आई सांगते की "त्याला सगळं ऐकू येतं". हाक ऐकू येणं वेगळं आणि 'त'-'क'मधला क्षणभराचा फरक ऐकू येणं वेगळं. आलेख सपाट आला तर ईएनटीकडे पाठवा, थेरपी थांबवायची गरज नाही.

दुसरं, तुमच्या तोंडून आलेला फरक त्याला ओळखता येतो का ते बघा. ताप आणि काप (सुरीने कापतानाचं चित्र) अशी दोन चित्रं समोर ठेवा. मुलाच्या शेजारी, किंचित मागे बसा म्हणजे ओठ दिसणार नाहीत. तोंडावर हात धरू नका, त्याने आवाजच बदलतो. क्रम न ठरवता दहा वेळा विचारा. नऊ-दहा बरोबर आले तर ऐकण्याची बाजू ठीक. पाच-सहा म्हणजे तो अंदाजाने बोट ठेवतोय, मग आधी काही सेशन ऐकण्यावर घालवा.

---

मऊ_टाळू

वरचं सगळं करून झालंय असं धरून पुढे लिहितो.

आधी फुंकर आणि शिट्टी बंद. 'क'ला जिभेचा मागचा भाग मऊ टाळूला टेकून सुटावा लागतो. फुंकताना तो भाग हे काम करतच नाही, त्यामुळे शिट्टी कितीही वाजली तरी 'क' येत नाही. तुमच्या चाळीस मिनिटांपैकी दहा तिथे जातायत, म्हणजे पाव सेशन. पालकांना ते 'व्यायाम' म्हणून आवडतं, हे मान्य. तरीही बंद.

आता शीर. जीभ खाली चिकटलेली असेल तर टोक वर जायला अडचण येते, म्हणजे मराठीत पहिला फटका 'ल', 'ट', 'ड', 'ळ' यांना बसायला हवा. याचे 'ल' आणि 'ट' स्वच्छ आहेत, आणि अडतंय ते जिभेच्या मागच्या बाजूला. शीर कापून 'क' येणार नाही, हे पालकांना याच शब्दांत सांगा. वेखंडाबद्दल आजींशी वाद घालत बसू नका, "आता पुरे" एवढं म्हणा आणि आजींना दुसरं काम द्या (खाली कोणीतरी लिहीलच).

उच्चार काढण्याआधी पाच मिनिटं स्टिम्युलेबिलिटी, म्हणजे ऐकून लगेच तसा आवाज काढता येतो का, ते नीट तपासा. 'क' एवढं एकच न विचारता अक, उक, ओक, कू, को, का, आणि तेच सगळं 'ग' घेऊन. शिवाय पंखा, रंग, अंगठा या शब्दांतला अनुस्वार ऐका. 'पंखा'चा 'पन्था' होतो, की अनुस्वार जिभेच्या मागच्या भागातून येऊन पुढे 'था' होतो? मागून येत असेल तर जीभ मागे टेकतेय, फक्त मोकळं सोडायचं शिकवायचंय. 'रंऽऽग' लांबवून तिथूनच 'ग' निघतो, स्पॅच्युलाची (जीभ दाबायच्या पट्टीची) गरजच पडत नाही.

काहीच निघालं नाही तर स्पॅच्युला. मराठी 'त' दातांवर होतो, त्यामुळे टोक अडवलं की 'त'ची वाट बंद होते. लाकडी, एकदाच वापरायचा, हातमोजे घालून. जिभेच्या पुढच्या एक तृतीयांश भागावर ठेवायचा, हलकेच खाली आणि जरासं मागे दाबायचं. मध्याच्या पलीकडे गेलात की उमासा येतो, आणि पुढची चार सेशन मूल तोंड उघडत नाही. टोक खालच्या दातांमागे राहिलं पाहिजे. मग त्याने म्हणायचं 'त', होय, 'त'च. 'क' म्हण म्हटलं की तो जुनी सवय काढतो. टोक अडलेलं असताना 'त' म्हणायला गेला की मागचा भाग आपोआप उचलला जातो आणि 'क'सारखं काहीतरी निघतं. त्या क्षणी "हा बघ मागचा आवाज!" म्हणा.

पाच-सहा चांगले आले की स्पॅच्युलाच्या जागी त्याचं स्वतःचं धुतलेलं बोट. मग बोट फक्त टेकवलेलं, मग तोंडाबाहेर हनुवटीवर, मग काहीच नाही. ही उतरंड एकाच सेशनमध्ये गाठायची घाई नको, पण स्पॅच्युला तीनपेक्षा जास्त सेशन चालू राहिला तर मूल त्याच्याशिवाय 'क' काढत नाही.

पर्याय म्हणून सतरंजीवर उताणं झोपवा, मान किंचित मागे. जीभ वजनाने मागे पडते. खोटा खोकला, खोट्या गुळण्या, त्यातून 'क्, क्'. खऱ्या पाण्याच्या गुळण्या फक्त बसून, झोपून अजिबात नाही.

शब्द वापरताना 'क म्हण' टाळा. नळ गळतो तो पुढचा आवाज, त-त-त. खोकल्याचा तो मागचा आवाज, क-क-क. "जीभ पुढे गेली" हे त्याला कळतं, "चुकलं" यातून काहीच कळत नाही.

एक शंका मिटवून घ्या. तोच शब्द पाच वेळा म्हणायला लावा. पाचही वेळा 'ताता' आलं तर ही साधी, नियमित फ्रंटिंगची (मागचे आवाज पुढे आणण्याची) प्रक्रिया. दर वेळी वेगळं, स्वरही चुकतायत, एका आवाजातून दुसऱ्यात जाताना अडतोय, बोलण्याचा चढउतार विचित्र आहे, असं असेल तर अ‍ॅप्रॅक्सियाच्या (उच्चाराच्या हालचालींची मेंदूतली आखणीच न जमण्याच्या) दिशेने बघावं लागेल आणि वर लिहिलेलं बरंच बदलेल. भराभर 'पतक-पतक' म्हणायला लावलंत तर तो 'पतत-पतत' म्हणेल. त्याला घाबरू नका, ते 'क' नसल्यामुळे. ताल मोडतो का ते बघा.

---

पेठेतली_थेरपिस्ट

शब्दांबद्दल. तुमची कार्डं अक्षरओळखीच्या तक्त्यावरून आलेली दिसतात. आप्पा बळवंत चौकात मिळणारे तक्ते वाचायला शिकवतात, बोलायला नाही.

कबूतर आणि कुत्रा यांत 'त' बसलाय. ज्याची जीभ आधीच पुढे धावते त्याला तो 'त' ओढूनच नेणार. किल्ली आणि केळं यांत 'क'नंतर पुढचा स्वर आहे, तिथे जीभ मुळातच पुढे सरकते. म्हणजे पाचातली चार कार्डं सगळ्यात अवघड, आणि उरलेल्या कमळात 'ळ'.

क्रम असा लावा. आधी शब्दाच्या शेवटचा 'क'. मराठीत 'नाक' लिहिताना शेवटी पूर्ण 'क' दिसतो, पण बोलताना त्यातला 'अ' गळतो, शब्द व्यंजनावर संपतो. ही आपल्या भाषेची सोय आहे, वापरा. टाक, हाक, पाक, वाक. मागच्या स्वरानंतर जीभ आधीच मागे असते. यातला 'टाक' सोन्यासारखा: टोपली आणि चेंडू घ्या, तो "टाक" म्हणेल तेव्हाच तुम्ही टाकायचा. अर्ध्या तासात सत्तर-ऐंशी उच्चार होतात आणि मुलाला ते पाठांतर वाटत नाही. एकच काळजी, 'टाक'चं 'टाकऽ' होऊ देऊ नका. पालक जोर देऊन 'नाका'च करून टाकतात.

मग सुरुवातीचा, मागच्या स्वरांसोबत: कू, को, का. काका, काम, कावळा, कप, कुकर, आणि 'ख'साठी खाऊ, त्याच्याइतकी ओढ दुसऱ्या शब्दाला नाही. 'ग'साठी गाय, गाव, गवा. मग मधला: बोका, मका, चाकू. सगळ्यात शेवटी केस, केळं, किल्ली, आणि त्याहून शेवटी ज्यांत 'त-द' आहेत ते: कात्री, कुत्रा, गादी, कांदा.

तुळशीबागेतला भातुकलीचा एक डबा घ्या: कुकर, कढई, कप, किसणी, गाळणी. एका डब्यात महिन्याचं साहित्य.

मिनिमल पेअर्ससाठी (एकाच आवाजाने वेगळ्या होणाऱ्या शब्दांच्या जोड्यांसाठी) मराठीत चित्र काढता येतील अशा जोड्या पुष्कळ आहेत: कार-तार, काप-ताप, नाक-नात, हाक-हात, शेक-शेत, गार-दार, गोरी-दोरी, नाग-नाद, घर-धर. आणि माझी आवडती, खांब-थांब. खेळण्यातली गाडी घ्या, रस्त्यावर एक खांब उभा करा. तो "खांब" म्हणाला तर गाडी खांबाकडे जाते, "थांब" म्हणाला तर जागच्या जागी थांबते. त्याला गाडी खांबावर आपटायची असते आणि तोंडातून 'थांब' निघतं, गाडी थांबते. तो चिडतो. तिथे काहीही दुरुस्त करू नका, फक्त थांबा. आवाज बदलला तर अर्थ बदलतो हे त्याला त्या दोन सेकंदांत कळतं, शंभरदा 'क म्हण' सांगून कळत नाही. अर्थात हे सुटा 'क' हाताशी आल्यावरच, आधी केलं तर नुसती चिडचिड.

केसफाइलमध्ये उच्चार देवनागरीत लिहू नका, आयपीएमध्ये (आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत) लिहा. देवनागरीत 'चार'चा च आणि 'चाक'चा च एकच दिसतो, गळलेला 'अ' दिसतच नाही. सहा महिन्यांनी फाइल दुसऱ्या कोणी उघडली तर त्यातून काही कळणार नाही.

---

नवी_एसएलपी_सिंहगडरोड

सगळ्यांचे आभार. टिम्पॅनोमेट्री झाली, दोन्ही कान टाइप ए, म्हणजे ठीक. ऐकण्याचे दहापैकी नऊ बरोबर. शिट्ट्या कपाटात.

दोन अडचणी. स्पॅच्युला लावला की कधी 'क' येतो, कधी घशात काहीतरी अडकल्यासारखा 'अ' तुटतो, 'क' नाही आणि 'त'ही नाही. दुसरी, 'टाक' छान जमायला लागलं आणि परवा तो मला 'ताई'ऐवजी "काई" म्हणाला. 'तीन'चं 'कीन', 'हात'चं 'हाक'. मी काही बिघडवलं का?

---

मऊ_टाळू

तुटणारा 'अ' म्हणजे ग्लॉटल स्टॉप, जीभ न वापरता स्वरयंत्रातच हवा अडवतोय. ऐकायला 'क'च्या जवळ, म्हणून आपण फसून "शाब्बास" म्हणतो आणि तोच पक्का होतो. ओळखायचं असं: हनुवटीखाली, गळ्याच्या सुरुवातीला बोट टेकवा. खऱ्या 'क'ला तिथे वर उचलल्याची हालचाल लागते. ग्लॉटलला ती लागत नाही, हालचाल खाली कंठाशी होते. उपाय म्हणजे 'ख' घ्या. त्यात श्वासाचा झोत लागतो, आणि स्वरयंत्र बंद करून झोत काढता येत नाही. तळहातावर हवा लागली पाहिजे. 'ख' बसला की झोत कमी करत 'क'वर या.

"काई" ऐकून खूश व्हा. नवा आवाज हाती आला की मूल तो सगळीकडे लावून बघतं. नियम शिकलाय, हद्द शिकायचीय. खांब-थांब, हाक-हात आता घ्या, दोन्ही शब्द मिसळून. सरावाच्या वीस शब्दांत पाच 'त'चे घाला. 'त' म्हटल्यावर "नाही, क" असं घरात कोणी म्हणत असेल तर ते मात्र आजच थांबवा.

---

घरचा_अभ्यास

आजींचं काम माझ्याकडे आलेलं दिसतंय.

मराठीत जवळजवळ सगळे प्रश्न 'क'नेच सुरू होतात: का, काय, कोण, कुठे, कधी, कसं. साडेचार वर्षांचं मूल दिवसभर हेच विचारतं. त्याने "ताय ए?" विचारलं आणि प्रत्येक वेळी उत्तराऐवजी "क म्हण, काय म्हण" ऐकलं तर ते प्रश्न विचारणंच सोडतं. म्हणून पहिला नियम, सरावाच्या वेळेबाहेर दुरुस्ती नाही. उत्तर द्यायचं, आणि उत्तरात तो शब्द स्पष्ट परत वापरायचा: "काय आहे? काकडी आहे." बस. त्याच्या 'ताता'ची लाडाने नक्कलही नको, मामा-काका मंडळींना हे वेगळं सांगावं लागतं.

वहीत "क चे शब्द म्हणून घेणे" असं लिहून काही होत नाही. रोज दोनदा पाच मिनिटं, आणि फक्त तेच शब्द जे क्लिनिकमध्ये दहापैकी आठ वेळा येतायत. घरी नवं काही नाही. आजींना दहा चिंचोके आणि दोन वाट्या द्या: एक उच्चार, एक चिंचोका पलीकडे. दहा संपले की एक फेरी, पाच फेऱ्या. घरात रांगतं भावंड असेल तर चिंचोक्यांऐवजी मोठी बटणंही नकोत, वहीत रेघा मारा. आईने सेशनच्या शेवटची पाच मिनिटं आत बसून हे तुमच्यासमोर करून दाखवायचं. दाराबाहेर तोंडी दिलेल्या सूचना पार्किंगपर्यंत टिकत नाहीत.

इंग्रजी माध्यमाबद्दल ते विचारतीलच: घरी मराठी बंद करू नका. तो 'कार'चं 'तार' दोन्ही भाषांत करतो, कारण अडचण आवाजाची आहे, भाषेची नाही. शाळेच्या बाईंना चार ओळींची चिठ्ठी द्या की वर्गात सगळ्यांसमोर म्हणून घेऊ नका.

मोजमाप: दर चौथ्या सेशनला कधीही न शिकवलेले दहा शब्द दाखवा, नमुना न देता, शाबासकी न देता. सरावातले शब्द ८० टक्के आले आणि हे दहा शून्यावरच राहिले तर त्याने शब्द पाठ केलेत, आवाज शिकलेला नाही. शब्द वाढवू नका, स्वर आणि जागा बदला. सरावातले दोन सलग सेशन ८० टक्के आले की पुढची पायरी. उद्दिष्टही असंच लिहा: "चित्र पाहून, नमुना न देता, शब्दाच्या शेवटचा 'क' १० पैकी ८ वेळा". 'उच्चार सुधारणे' लिहिलंत तर सुधारला की नाही हे कोणालाच ठरवता येत नाही.

सुपरवायझर आठवड्यातून एकदा येतात ना? पालकांची लेखी संमती घेऊन तीन मिनिटांचा व्हिडिओ ठेवा, बाजूने, जबडा आणि गळा दिसेल असा. पंखा बंद करून. आणि "प्रगती नाही" असं न म्हणता "उक येतो, कू येत नाही, पुढे काय घेऊ" असं विचारा. दहा मिनिटांत उत्तर मिळतं.

वाक्यांपर्यंत आलात की बसचा खेळ घ्या. खुर्च्या मागेपुढे, तुम्ही कंडक्टर. "काका, कर्वेनगरचं एक द्या." कोंढवा, खडकी, गोखलेनगर, निगडी, पुण्यात या आवाजांच्या थांब्यांना तोटा नाही. कात्रज, कोथरूड आणि धनकवडी शेवटच्या आठवड्यासाठी ठेवा, त्यांत 'त', 'थ' आणि 'ध' आहेत. तिकीट चुकीच्या थांब्याचं दिलंत तर तो स्वतःहून पुन्हा म्हणेल.

---

पेठेतली_थेरपिस्ट

बसच्या खेळात "तिकीट"चं "किकीट" होईल. होऊ द्या, त्या दिवशी फक्त 'क' मोजा.